‘प्रायव्हेट नंबर’ असे दाखवून येणाऱ्या फोनमागील माणूस ओळखता येतो का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील पशुवैद्यक आहेत. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावरही वाळवा तालुक्यातील आमच्या गावात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर ते जनावरे तपासायला जातात, आणि गाय विताना अडली किंवा म्हशीचे पोट फुगले की शेतकरी रात्री-अपरात्री त्यांनाच फोन करतात. हे फोन बहुतेक वेळा आमच्याकडे नोंद नसलेल्या क्रमांकांवरून येतात, कारण स्वतःच्या फोनचे रिचार्ज संपले असले की माणूस शेजाऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून बोलतो. त्यामुळे ‘अनोळखी फोन घेऊच नका’ हा एरवी दिला जाणारा सल्ला आमच्या घरी उपयोगाचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या काही आठवड्यांपासून त्यांना दोन प्रकारचे त्रासदायक फोन येत आहेत. पहिल्या प्रकारात पडद्यावर क्रमांकच उमटत नाही. ‘प्रायव्हेट नंबर’ किंवा ‘अननोन’ एवढीच अक्षरे दिसतात. फोन उचलला तर बहुधा पलीकडून कोणी बोलत नाही, मात्र एकदोन वेळा एका पुरुषाने वडिलांचे नाव घेऊन, पंचनाम्यात आमच्या विरोधात सही केलीत, आता बघून घेऊ, अशा आशयाची भाषा वापरली. दुसऱ्या प्रकारात साधा दहा आकडी क्रमांक दिसतो, परंतु तो दर वेळी निराळा असतो, आणि उलट फोन केला तर भलतीच व्यक्ती ‘मी फोन केलाच नव्हता’ असे सांगते.

ट्रूकॉलर आमच्याकडे आहे. पहिल्या प्रकारच्या फोनबाबत ते काहीही दाखवत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने ‘लपलेला नंबर उघड करणारे’ एक ॲप सुचवले आहे, परंतु ते बसवताना संपर्कयादी, एसएमएस आणि आणखी बऱ्याच गोष्टींची परवानगी मागते. एका नातेवाइकाच्या ओळखीतील गृहस्थ तर पैसे घेऊन वडिलांच्या क्रमांकाचे कॉल डिटेल्स काढून देण्यास तयार आहेत. यांपैकी कोणता मार्ग खरोखर उपयोगी आहे, आणि शेतकऱ्यांचे फोन चालू ठेवून हा त्रास कसा थांबवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


टेलिफोन भवन यांचे उत्तर

ताई, मी दूरसंचार खात्यात आणि पुढे त्यातून निघालेल्या महामंडळात एक्सचेंजच्या देखभालीचे काम केले आहे, म्हणून यंत्रणेच्या बाजूने सांगतो. आपण लिहिलेल्या दोन प्रकारांची कारणे अगदी वेगळी आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

क्रमांक लपवला म्हणजे तो जाळ्यातून गेलाच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. कॉल जोडताना एका एक्सचेंजकडून दुसऱ्याकडे जो संकेत जातो, त्यात फोन करणाऱ्याचा क्रमांक असतोच, आणि त्याच्या सोबत ‘हा समोरच्याला दाखवू नये’ अशी एक खूण असते. वडिलांना सेवा देणाऱ्या कंपनीचे एक्सचेंज ती खूण वाचते, क्रमांक गाळते आणि उरलेला कॉल हँडसेटकडे पाठवते. पोस्टमनने पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून मगच पाकीट आपल्या हाती द्यावे, तसा हा व्यवहार आहे. तांत्रिक भाषेत या सोयीला ‘सीएलआयआर’ म्हणतात. याचा परिणाम असा की जी माहिती हँडसेटपर्यंत पोहोचलीच नाही, ती हँडसेटमध्ये बसवलेले कोणतेही ॲप उघड करू शकत नाही. मग ते फुकटचे असो वा पैसे घेणारे. दुकानातील मुलाने सुचवलेले ॲप बसवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे बँकेचा ओटीपी वाचण्याची परवानगी, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

आता भारतात क्रमांक लपवू कोण शकतो, हे पाहू. परदेशांतील अनेक जाळ्यांत क्रमांकाआधी #३१# हा संकेत लावला की कोणालाही आपला क्रमांक झाकता येतो. आपल्याकडे ही सोय सरसकट दिलेली नाही. सुरक्षेच्या दृष्टीने छाननी होऊन निवडक व्यक्तींनाच ती मिळते. तेव्हा गावातील एखाद्या भांडणापोटी धमकी देणाऱ्या माणसाकडे ती असण्याची शक्यता फार कमी. बहुधा तो इंटरनेटवरून कॉल लावणारी एखादी सेवा वापरत असावा, किंवा कॉल परदेशी मार्गाने फिरून येत असावा. अशा मार्गात चार-पाच कंपन्या मध्ये असतात, आणि त्यांतील एखादीने क्रमांक पुढे दिलाच नाही तर आपल्या पडद्यावर ‘अननोन’ उमटते. परदेशातून आलेल्या कॉलवर क्रमांक न दिसणे किंवा भारतीय क्रमांक दिसणे, या दोन्ही गोष्टी दूरसंचार विभागाच्या १९६३ किंवा १८००११०४२० या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतात. याच आशयाचा एसएमएस आपल्या सर्वांना मधूनमधून येतो आणि आपण तो न वाचता पुसतो.

दुसऱ्या प्रकारात क्रमांक दिसतो, पण तो खोटा असू शकतो. इंटरनेटवरून कॉल सोडणाऱ्या यंत्रणेत फोन करणाऱ्याचा क्रमांक म्हणून हवे ते आकडे भरता येतात, आणि मग आपण उलट फोन केला की ज्या बिचाऱ्याचा तो क्रमांक खरोखर असतो त्याला तो लागतो. परदेशातून भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येणारे असे कॉल रोखण्यासाठी २२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने एक यंत्रणा सुरू केली, आणि पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १.३५ कोटी कॉल बनावट ठरवून अडवले. भारतीय क्रमांक दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी हे प्रमाण जवळपास ९० टक्के होते, यावरून या धंद्याचा पसारा कळतो.

तो रस्ता अडवला गेला म्हणून दुसरे रस्ते बंद झाले, असे मात्र नाही. ‘सिम बॉक्स’ नावाच्या पेटीत शेकडो सिमकार्डे बसवून, परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल येथील साध्या मोबाइल क्रमांकावरून पुढे सोडला जातो. त्यामुळे दर वेळी वेगळा, पण खराखुरा भारतीय क्रमांक दिसतो. २०२४ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पुण्यातील कोंढवा भागात असेच एक बेकायदा एक्सचेंज उघडकीस आणले होते आणि तेथे हजारो सिमकार्डे सापडली होती. अशी सिमकार्डे पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी कागदपत्रांवर घेतलेली असतात. म्हणून ज्या क्रमांकावरून फोन आला त्या क्रमांकाच्या धन्याशी भांडून उपयोग नाही. तोही आपल्यासारखाच अडकलेला असू शकतो.

जाता जाता एक गोष्ट. ‘त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा, म्हणजे फोन कोठून आला ते शोधता येईल’ हा समज स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक एक्सचेंजच्या काळातला आहे. तेव्हा लाइन धरून ठेवावी लागे, आणि आमचा माणूस एका सिलेक्टरवरून दुसऱ्यावर हाताने माग काढत जाई. आता कॉल जोडला जातो त्याच क्षणी नोंद तयार होते. धमकी देणाऱ्याशी बोलत बसण्याची काही गरज नाही. वेळ तेवढी अचूक टिपून ठेवावी.


रानवारा यांचे उत्तर

टेलिफोन भवन यांनी यंत्रणेची बाजू उत्तम सांगितली आहे. मी रोजच्या वापराबद्दल लिहितो, कारण आपल्या वडिलांची अडचण नेमकी तेथे आहे.

आयफोनमध्ये २०१९ पासून, म्हणजे आयओएस १३ पासून, अनोळखी फोन मुके करण्याची सोय आहे. परंतु ती संपर्कयादीत नसलेल्या जवळपास सर्वच क्रमांकांची घंटी बंद करते. आपल्या वडिलांना ती चालणार नाही. अँड्रॉइडवर गूगलचे फोन ॲप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अडवलेल्या क्रमांकांच्या यादीजवळ ‘अननोन’ किंवा ‘अज्ञात’ असा एक खटका असतो. तो वेगळ्या प्रकारचा आहे: ज्या कॉलवर क्रमांकच दिसत नाही असे कॉल तेवढे तो अडवतो, आणि नोंद नसलेल्या पण दिसणाऱ्या क्रमांकांना हात लावत नाही. शेतकऱ्याचा फोन शेजाऱ्याच्या मोबाइलवरून आला तरी त्यावर दहा आकडे दिसतातच, म्हणून हा खटका चालू केल्याने वडिलांचे काम अडणार नाही. सॅमसंगसारख्या काही कंपन्यांच्या फोन ॲपमध्येही अशी सोय आहे. फक्त एक करावे: पोलिसांकडे तक्रार करायची असेल, तर आधी काही कॉलची नोंद हाती असू द्यावी आणि मग खटका चालू करावा.

नव्या आयफोनमध्ये आणखी एक सोय आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६ मध्ये फोन स्वतःच अनोळखी माणसाला नाव आणि काम विचारतो आणि उत्तर पडद्यावर लिहून दाखवतो. शहरातील नोकरदारासाठी हे ठीक आहे. रात्री दोन वाजता गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला यंत्राच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला लावणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

ट्रूकॉलरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्याकडून लोक नको तेवढी अपेक्षा ठेवतात. ही स्वीडनमधील स्टॉकहोमची कंपनी २००९ मध्ये सुरू झाली, आणि भारत ही तिची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. तिच्याकडे सरकारी नोंदींची यादी नाही. वापरणाऱ्या लोकांनी एखाद्या क्रमांकाला जे नाव दिले असेल आणि ज्या तक्रारी केल्या असतील त्यांवर तिची माहिती मुख्यतः उभी आहे. म्हणूनच एखादा सन्माननीय गृहस्थ तेथे ‘प्लंबर जुना’ या नावाने नांदत असतो, आणि ज्याने नवे सिम कालच घेतले त्याचे नाव येत नाही, किंवा त्याच क्रमांकाच्या आधीच्या धन्याचे येते. क्रमांक न दाखवणाऱ्या कॉलपुढे ट्रूकॉलर निरुपाय आहे, कारण शोधायला क्रमांकच नसतो. दिसणाऱ्या क्रमांकांबाबत मात्र ‘हा स्पॅम आहे, अनेकांनी तक्रार केली आहे’ एवढी सूचनासुद्धा मोलाची ठरते, हे मान्य केले पाहिजे.

याहून भरवशाची व्यवस्था म्हणजे ‘सीएनएपी’, ज्यात फोन करणाऱ्याचे नाव ॲपऐवजी टेलिकॉम कंपनीच दाखवते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने या विषयावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चर्चापत्र काढले, २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारशी दिल्या, आणि दूरसंचार विभागाने काही मुद्दे परत पाठवल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांवर आपले मत कळवले. त्यानुसार सिम घेताना भरलेल्या अर्जावरील नाव समोरच्याला आपोआप दिसावे, आणि ज्याला नको असेल त्याने तसे कळवावे, अशी योजना आहे. अंमलबजावणी ४जी आणि ५जी जाळ्यांवर टप्प्याटप्प्याने होत आहे. २जी जाळ्यावर ती तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्यांना सीएलआयआरची सोय दिलेली आहे त्यांचे नाव दिसणार नाही. आणि नाव दिसेल ते सिम ज्याच्या नावावर आहे त्याचे, बोलणाऱ्याचे नव्हे. आपल्याकडे आजोबांच्या नावाचे सिम नातू वापरतो, तेव्हा पडद्यावर आजोबा आणि कानावर नातू, असे होणारच.

दिसणाऱ्या क्रमांकाची झटपट पडताळणी करण्यासाठी अनेक जण यूपीआय ॲपमध्ये तो क्रमांक घालून पाहतात. बँक खात्याशी जोडलेले नाव तेथे दिसते, आणि ते लोकांनी ठेवलेल्या टोपणनावापेक्षा विश्वसनीय असते. मात्र पैसे पाठवण्याच्या पायरीपर्यंत जाऊ नये. अगदी एक रुपयासुद्धा नको.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनसाठी तर आता क्रमांकावरूनच ओळख पटवता येते. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका वापरण्यास सांगितले आहे, आणि जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतो, खाते बंद होईल’ असे म्हणू लागला तर पुढचे ऐकण्याचे कारण नाही.


पॅसिफिक किनारा यांचे उत्तर

मी अनेक वर्षे अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहतो. येथील व्यवस्थेची थोडी माहिती देतो, कारण इंटरनेटवर मिळणारे बरेचसे ‘उपाय’ मुळात अमेरिकेपुरते आहेत आणि भारतीय वाचक ते आपल्याकडे करून पाहतात.

येथे क्रमांकाआधी *६७ लावला की कोणालाही आपला क्रमांक लपवता येतो. शेवटच्या फोनला परत फोन लावण्यासाठी *६९, आणि त्रासदायक कॉलचा माग नोंदवण्यासाठी *५७ असे संकेत आहेत. यांतील शेवटचा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: *५७ दाबल्यावर क्रमांक कंपनीकडे नोंदला जातो, पण तो ग्राहकाला सांगितला जात नाही, पोलिसांनी मागितला तर त्यांना दिला जातो. म्हणजे जेथे क्रमांक लपवणे इतके सोपे आहे तेथेही तो उघड करण्याचा अधिकार ग्राहकाच्या हाती दिलेला नाही.

ट्रॅपकॉल नावाची एक अमेरिकी सेवा लपलेले क्रमांक खरोखर उघड करते, आणि तिची युक्ती हुशारीची आहे. आपण कॉल नाकारला की तो सेवेच्या टोल फ्री क्रमांकाकडे वळवला जातो. टोल फ्री क्रमांकावर कॉलचे पैसे घेणारा भरतो, म्हणून येथील नियमांनुसार त्याला फोन करणाऱ्याचा क्रमांक कळतो, आणि तोच आपल्याला परत कळवला जातो. ही सेवा भारतात नाही. तिच्या नावावर भारतात विकली जाणारी ॲप्स म्हणूनच संशयास्पद समजावीत.

आणखी एक शक्यता आपण तपासून पाहावी. वडिलांचे कोणी भाचे-पुतणे आखातात किंवा इकडे आहेत का? स्वस्त कॉलिंग ॲपवरून गावी फोन लावला की कधी क्रमांक पोहोचत नाही, आणि कधी आवाज एकाच बाजूने जातो. माझ्या आईला साताऱ्यात माझाच फोन ‘अननोन’ म्हणून येत असे, आणि माझे बोलणे तिला ऐकू न गेल्याने ती वैतागून ठेवून देई. आपल्याकडे आलेल्या मुक्या फोनपैकी काही या जातीचे असू शकतात. धमकीचे फोन अर्थातच नव्हेत.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मस्कतला असलेल्या आतेभावाला विचारले. तो अशाच एका ॲपवरून फोन करतो आणि बऱ्याचदा पलीकडे कोणी बोलत नाही असे त्याचेही म्हणणे आहे. म्हणजे मुक्या फोनचा काही भाग सुटला. धमकीच्या फोनबाबत मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो असता, ‘नंबरच नाही तर तक्रार कोणाविरुद्ध घ्यायची’ असे उत्तर मिळाले. कॉल डिटेल्स काढून देणाऱ्या गृहस्थांना मी अद्याप होकार दिलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की वडिलांचाच क्रमांक असल्याने त्यात गैर काही नाही. हे खरे आहे का?


सनद यांचे उत्तर

हे खरे नाही, आणि आपण होकार दिला नाहीत हे उत्तम केलेत. मी वकिली करतो, म्हणून प्रथम याच मुद्द्याचे बोलतो. आपल्या क्रमांकावरून झालेल्या कॉलचा तपशील ग्राहक म्हणून आपण कंपनीकडून रीतसर मागू शकतो. परंतु आपल्याला आलेल्या कॉलमागील लपलेला क्रमांक ही दुसऱ्या व्यक्तीची माहिती आहे, आणि कंपनी ती खासगी माणसाला देत नाही. जो माणूस पैसे घेऊन ती आणतो, तो कोणाची तरी ओळख वापरून, लाच देऊन किंवा खोटी मागणी करून ती आणतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ नुसार कंपनीच्या माहितीपर्यंत अनधिकृतपणे पोहोचणे हा गुन्हा आहे, आणि कॉल रेकॉर्डचा त्या माहितीत स्पष्ट समावेश आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे केवळ कागदावर नाही. २०१८ मध्ये, हा कायदा नव्हता तेव्हासुद्धा, ठाणे पोलिसांनी बेकायदा कॉल रेकॉर्ड मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, आणि ती माहिती विकत घेणाऱ्यांनाही चौकशीला सामोरे जावे लागले होते. शिवाय अशा मार्गाने आणलेला कागद न्यायालयात पुढे करणे आपल्यालाच जड जाईल.

आता तक्रारीबद्दल. ‘नंबर नाही, तर तक्रार कोणाविरुद्ध’ हा प्रश्न कायद्याला धरून नाही. तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध देता येते. घरफोडीची तक्रार देताना चोराचे नाव कोण सांगतो? उलट ओळख लपवून धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये वेगळा नमूद केलेला प्रकार आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार निनावी संदेशाने किंवा आपले नाव-ठिकाण लपवण्याची खबरदारी घेऊन धमकी दिली, तर धमकीच्या मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे लपलेला क्रमांक ही तक्रारीतील उणीव नसून गुन्ह्याचाच एक भाग आहे, असे आपण अर्जात स्पष्ट लिहावे. त्याचबरोबर, वडिलांनी शासकीय कर्मचारी असताना किंवा नंतर ज्या पंचनाम्यावर सही केली त्याचा तारखेसह उल्लेख करावा, कारण संशयाची दिशा तेथूनच मिळते.

अशा प्रकरणात पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद घेतात. तशी नोंद घेतली तर तिची प्रत मागून घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होऊ शकतो, आणि त्यासाठीचा अर्ज करणे फार खर्चाचे नाही. धमकी जिवाची असेल किंवा दखलपात्र स्वरूपाची असेल आणि तरीही पोलीस ठाण्यात दाद मिळत नसेल, तर कलम १७३ नुसार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. याच कलमात इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देण्याचीही सोय आहे. मात्र त्यानंतर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

पोलिसांना लपलेला क्रमांक मिळतो तो कंपनीच्या नोंदीतून. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली त्यांनी मागणी केली की वडिलांच्या क्रमांकावर अमुक दिवशी अमुक वाजता आलेला कॉल कोठून आला, हे कंपनी सांगते. परवान्याच्या अटीनुसार या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१ पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. त्यामुळे उशीर झाला म्हणून सर्व संपले, असे नसते. कॉल इंटरनेटवरून आला असेल तर नोंदीत बहुधा मधल्या गेटवेचा, म्हणजे इंटरनेटवरचा कॉल फोनच्या जाळ्यात सोडणाऱ्या यंत्रणेचा, क्रमांक सापडतो, आणि तेथून पुढे त्या सेवेकडे पत्रव्यवहार करावा लागतो. सेवा परदेशी असेल तर तपास रेंगाळतो, हे प्रामाणिकपणे सांगितलेले बरे.

आपण घरी करण्याचे काम म्हणजे एक वही ठेवणे. प्रत्येक कॉलची तारीख, मिनिटापर्यंत अचूक वेळ, किती वेळ चालला, पडद्यावर नेमके काय दिसले आणि काय शब्द वापरले गेले, हे त्याच दिवशी लिहावे. फोनच्या कॉल नोंदीचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि नोंदी पुसू नयेत. संभाषण ध्वनिमुद्रित झाले असेल तर ते ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तेव्हा मूळ उपकरणाचा प्रश्न येतो.

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे बदलत्या क्रमांकांचे फोन फसवणुकीच्या उद्देशाचे वाटत असतील तर ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत कळवावेत. मार्च २०२४ पासून ती सुरू आहे. तेथे वैयक्तिक गुन्हा नोंदला जात नाही, पण त्या जोडण्यांची फेरतपासणी होऊन त्या बंद होऊ शकतात. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर वेळ न घालवता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. सुदैवाने आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही.


कृष्णाकाठ

आभारी आहे. अज्ञात व्यक्तीविरुद्ध लेखी अर्ज देण्याचे वडिलांनी ठरवले आहे. शेवटचा एकच प्रश्न: घरातील काहींच्या मते नवा क्रमांक घेऊन टाकावा. आणि दुकानातील त्या मुलाने आता असे सुचवले आहे की एक संकेत दाबून सर्व फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवले की त्रास थांबेल. यावर आपले काय मत आहे?


टेलिफोन भवन यांचे उत्तर

क्रमांक बदलू नये. पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या भिंतींवर आणि गोठ्यांच्या दारांवर जो क्रमांक खडूने लिहिलेला आहे तो सोडला तर नुकसान वडिलांचे आणि त्या जनावरांचे. धमकी देणाऱ्याला नवा क्रमांक गावातूनच मिळेल. शिवाय तपास चालू असेपर्यंत हा क्रमांक चालू असणे सोयीचे आहे. कंपनी बदलून तोच क्रमांक ठेवण्यानेही काही फरक पडणार नाही.

संकेत दाबून कॉल वळवण्याच्या सूचनेपासून तर दूरच राहावे. *४०१* आणि त्यापुढे एखादा मोबाइल क्रमांक दाबायला लावून लोकांचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपीसुद्धा, परस्पर वळवून घेण्याचे प्रकार इतके वाढले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून संकेत दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. वडिलांच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून तेथे एखादा अनोळखी क्रमांक आधीच भरलेला नाही ना, हे आजच पाहून घ्यावे. असल्यास तो काढून टाकावा, आणि त्याची नोंदही सनद यांनी सांगितलेल्या वहीत करावी.